उष्णतेची परतीची वाट

मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला बोरीवली स्टेशनवर उतरून घराकडे चालत निघालात, तर सूर्य मावळून तीन तास उलटून गेलेले असतात. तरीही दोन इमारतींमधल्या अरुंद गल्लीतून जाताना गालाला भिंतीची धग लागते. भिंतीला हात लावलेला नसतो. वाराही पडलेला असतो. म्हणजे ही उष्णता स्पर्शातून आलेली नाही आणि वाऱ्यावरूनही नाही. ती भिंतीतून निघून सरळ तुमच्या गालापर्यंत आलेली असते. मधली हवा काढून टाकली असती, तरी ती आलीच असती.

शाळेत आपण उष्णतेच्या प्रवासाचे तीन प्रकार पाठ केले होते: वहन, अभिसरण आणि प्रारण. वहनासाठी चहाच्या कपातला तापलेला चमचा, अभिसरणासाठी गॅसवरचं पाण्याचं पातेलं आणि प्रारणासाठी सूर्याचं चित्र. पहिल्या दोघांना काहीतरी माध्यम लागतं, तिसऱ्याला लागत नाही, एवढं लिहिलं की मार्क मिळत. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये सुमारे १५ कोटी किलोमीटरची जवळजवळ रिकामी जागा आहे आणि ती पार करून ऊन आपल्या गॅलरीत साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत पोचतं.

त्या धड्यात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जायचा. उष्णता येते हे ठीक, पण ती जाते कशी? पृथ्वीवर ऊन सतत पडत असतं. ते साठतच राहिलं असतं तर समुद्र कधीच उकळून गेले असते. पृथ्वीच्या भोवती निर्वात पोकळी आहे. तिथे वहनाला काही हाताशी नाही आणि अभिसरणाला हवा नाही. तेव्हा पृथ्वीला आपली उष्णता बाहेर टाकायला प्रारण हा एकच मार्ग उरतो. रात्री गारवा येतो तो या मार्गाने. माणसाला हा मार्ग कसा कळत गेला, त्याच्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं भारतात लिहिली गेली. त्यातली दोन-तीन पुण्यात. आणि त्या इतिहासाचा बोरीवलीतल्या त्या गल्लीशी थेट संबंध आहे.

लाल रंगाच्या पलीकडे

१८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये सूर्यप्रकाश लोलकातून सोडला आणि पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवून कुठला रंग किती तापवतो ते पाहिलं. जांभळ्याकडून लालकडे जाताना पारा वाढत गेला. मग त्याने तापमापक लाल रंगाच्याही पलीकडे ठेवला, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. पारा तिथेही चढला, आणि रंगांमध्ये चढला होता त्याहून जास्त चढला. डोळ्यांना न दिसणाऱ्या या किरणांना आज आपण अवरक्त किरण म्हणतो.

पुढच्या शंभर वर्षांत चित्र स्पष्ट झालं. असे किरण फक्त सूर्य सोडतो असं नाही, तर भिंत, झाड, कुत्रा, बर्फाची लादी, तुम्ही, मी असं सगळंच सोडत असतं. वस्तू जितकी गरम, तितके जास्त किरण. आणि ही वाढ साधीसुधी नाही. १८७९ मध्ये जोसेफ श्टेफानने प्रयोगांच्या आकड्यांवरून आणि १८८४ मध्ये लुडविग बोल्ट्झमानने गणिताने दाखवलं, की केवळ शून्यापासून मोजलेलं तापमान दुप्पट झालं तर बाहेर पडणारी ऊर्जा सोळापट होते. २७ अंश सेल्सिअसवर असलेली साधी भिंत दर चौरस मीटरमागे साधारण ४६० वॅट ऊर्जा फेकत असते. घरातल्या पाच-सहा पंख्यांना पुरेल एवढी. ती भिंत थंडगार होऊन जात नाही, कारण समोरची भिंतही तिच्याकडे जवळजवळ तेवढेच किरण परत फेकत असते. कोण गार होणार हे या देवाणघेवाणीच्या शिलकेवर ठरतं. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिकाम्या जागेतून काही प्रवास करू शकतं, ही कल्पना त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही पचायला जड गेली. लाट म्हटली की पाणी हवं, आवाज म्हटला की हवा हवी. मग प्रकाश आणि उष्णता कशावरून जाणार? त्यासाठी त्यांनी 'ईथर' नावाचं सर्वव्यापी माध्यम मानलं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी त्याचा माग काढायला अतिशय नाजूक प्रयोग केला, पण त्यांना ईथरचा मागमूस लागला नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची ही लहर स्वतःच पुढे जाते, तिला धरायला काही लागत नाही, हे मान्य करायला आणखी काही वर्षं गेली.

याचा पुरावा हवा असेल तर तो थर्मासमध्ये आहे. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअरने दोन भिंतींची बाटली बनवली आणि मधली हवा काढून टाकली. त्याने वहन आणि अभिसरण थांबलं. तेवढ्यावर भागत नव्हतं, म्हणून काचेच्या भिंतींना आतून चांदीचा मुलामा दिला. निर्वात पोकळीतून सुटणारी उष्णता आरशासारखी परतवायला तो मुलामा लागतो. रिकामी जागा उष्णतेला अडवत असती, तर थर्मासला चांदीची गरजच पडली नसती.

आणखी एक पुरावा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळासमोर जी बंदूक धरायचा, ती कपाळाला टेकायची नाही. कपाळातून निघणारे अवरक्त किरण पकडून ती आकडा सांगायची. कारखान्यात वापरतात तशी, मोठा पल्ला असलेली बंदूक एखाद्या कोरड्या, निरभ्र रात्री आकाशाकडे रोखली, तर आकडा शून्याच्या बराच खाली जातो. आपल्या डोक्यावरचं आकाश किरणांच्या हिशोबात इतकं थंड असतं.

मातीच्या ताटल्यांतला बर्फ

हे थंड आकाश उत्तर भारतातल्या कारागिरांनी हर्शेलच्या आधी कामाला लावलं होतं. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, अलाहाबाद आणि आसपासच्या प्रदेशात बर्फ कसा बनवतात याचं वर्णन छापलं. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. त्यांच्या तळाला ऊस किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर अंथरायचा. त्यावर सव्वा इंच खोलीच्या, कच्च्या मातीच्या पातळ ताटल्या एकमेकींना खेटून मांडायच्या आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. पहाटे, सूर्य उगवण्याआधी, ताटल्यांत बर्फ झालेला असे. तो टोपल्यांत गोळा करून खोल खड्ड्यात ठासून भरायचा आणि उन्हाळ्यापर्यंत जपायचा.

गंमत अशी, की त्या रात्री हवेचं तापमान शून्याच्या वर असे. मग पाणी गोठायचं कसं? काहींना वाटलं, बाष्पीभवनाने. खरं उत्तर १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरने दवावर लिहिलेल्या निबंधात दिलं. तो रात्री बागेत लोकरीचे समान वजनाचे पुंजके ठेवून कुठल्यावर किती दव पडतं ते मोजत बसायचा. एकदा त्याने गवतापासून काही इंचांवर चार काड्यांना एक पातळ हातरुमाल ताणून बांधला. रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा ऊबदार राहिलं. हवा तीच, जमीन तीच. फरक एवढाच, की रुमालाखालच्या गवताला आकाश 'दिसत' नव्हतं.

वेल्सने निष्कर्ष काढला तो असा: गवत आधी आपली उष्णता आकाशाकडे फेकून हवेपेक्षा थंड होतं आणि मग त्यावर दव जमतं. अलाहाबादच्या ताटल्यांतलं पाणीही असंच आकाशाकडे उष्णता फेकून गोठत होतं. खालचा ताटांचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नव्हता आणि खड्डा वारा अडवत होता. त्या कारागिरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्हींचा बंदोबस्त त्यांनी अनुभवाने केला होता: पहिल्या दोन वाटा बंद आणि तिसरी सताड उघडी.

मुंबईत मात्र हा बर्फ कधी बनला नसता. इथली हवा दमट, आणि बाष्प अवरक्त किरणांना शोषून त्यातले निम्मेशिम्मे परत खाली पाठवतं. मुंबईने बर्फ चाखला तो अमेरिकेचा. १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला गोदीजवळ बर्फघर उभं राहिलं. ज्या शहराचं आकाश बर्फ देऊ शकत नव्हतं, त्याने अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला बर्फ विकत घेतला.

वेण्णा तलावावरची पांढरी पहाट

अलाहाबादच्या ताटल्यांचं आपल्याकडचं रूप दरवर्षी बातम्यांत येतं. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी फोटो झळकतो: महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची बोटींची जेटी, गाड्यांचे टप, लिंगमळ्याचं गवत, सगळ्यावर पांढरी साय. बातमीत 'दवबिंदू गोठले' असं लिहिलेलं असतं. पण त्याच दिवशीचं हवामान खात्याचं किमान तापमान पाहिलं, तर ते शून्याच्या कितीतरी वर असतं. मग लोक एकमेकांना खोटं ठरवतात.

खोटं कुणीच नसतं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. त्याला हवेचं तापमान मोजायचं असतं, म्हणून त्याला आकाश दिसू नये अशीच त्याची व्यवस्था केलेली असते. गाडीच्या टपाला मात्र सगळं आकाश दिसतं. निरभ्र, कोरड्या, निवांत रात्री अशा उघड्या पृष्ठभागाचा प्रारणाचा तोटा दर चौरस मीटरला १०० वॅटच्या आसपास जाऊ शकतो. टप हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. शिवाय डोंगरउतारावरची गार, जड हवा घरंगळून तलावाच्या खोलगट भागात साचते. स्ट्रॉबेरी लावणाऱ्या महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला किंवा द्राक्षं जपणाऱ्या निफाडच्या बागायतदाराला वेधशाळेच्या पेटीतल्या आकड्यापेक्षा पानाजवळच्या आकड्याची काळजी जास्त. आणि पानाजवळ नेमकं काय होतं, हा प्रश्न पुण्यात एका माणसाने फार गंभीरपणे घेतला.

पुण्याचा उलटा थर

१९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९३२ मध्ये तिथे शेतीसाठीच्या हवामानाचा विभाग सुरू झाला आणि तो उभा केला एल. ए. रामदास यांनी. पालक्काडचे रामदास हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. पुढे भारतीय कृषी हवामानशास्त्राचे जनक म्हणून त्यांची ओळख झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं: रोप सव्वा मीटरवरच्या पेटीत वाढत नाही, ते जमिनीपासून वीतभर उंचीवर वाढतं. तेव्हा तापमान तिथे मोजलं पाहिजे.

त्या काळच्या पुस्तकांत उत्तर तयार होतं. रात्री जमीन आकाशाकडे उष्णता फेकते, म्हणून सगळ्यात थंड जागा म्हणजे जमीन. तिथून वर जावं तशी हवा ऊबदार होत जाते. रामदास आणि त्यांचे सहकारी एस. आत्मनाथन यांनी पुण्यासह देशातल्या काही ठिकाणी निवांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावले. आकडे पुस्तकासारखे आले नाहीत. सगळ्यात थंड जागा जमीन नव्हतीच. ती जमिनीपासून एक-दोन विती वर, हवेत होती. तिथली हवा जमिनीपेक्षा काही अंशांनी गार होती. १९३२ मध्ये त्यांनी हे जर्मनीतल्या एका नियतकालिकात छापलं.

लोकांनी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांच्या शंकेला कारणही होतं. गरम जमिनीवर थंड हवा म्हणजे तापल्या तव्यावरचं पाणी. खालची ऊबदार हवा लगेच वर उसळून सगळं ढवळून निघायला हवं. असा थर रात्रभर टिकतोच कसा? मोजमापात चूक असेल, शेजारच्या शेतातून गार हवा वाहत आली असेल, असे आक्षेप निघाले. दोन दशकांनंतर के. राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यात काळजीपूर्वक मोजमाप केलं आणि १९५७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. थर खरा होता. आज जगभर तो 'रामदास थर' म्हणून ओळखला जातो.

कारण शोधायला आणखी वेळ गेला. उघडी जमीन रात्री उष्णता गमावते, पण तिला खालच्या मातीतून ऊब मिळत राहते. तिच्या लगेच वरच्या हवेला असा आधार नाही. ती हवासुद्धा स्वतः प्रारण करते आणि वर थंड आकाश असेल तर जमिनीच्याही पुढे जाऊन गार होते. १९९३ मध्ये ए. एस. वासुदेव मूर्ती, जे. श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी याचं गणित मांडलं. अलीकडे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं, की हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा या गारव्यात मोठा वाटा असतो. थंडीत रोपाच्या मुळापेक्षा शेंडा आधी का करपतो, याचा विचार करताना हा थर विसरून चालत नाही.

मला या कहाणीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. हवा पारदर्शक आहे म्हणून ती या व्यवहारात फक्त बघ्याची भूमिका घेते, असं आपण धरून चालतो. पुण्यातल्या त्या तापमापकांनी दाखवलं, की हवासुद्धा थेट आकाशाशी देवाणघेवाण करते.

आकाशाची खिडकी

आकाश म्हणजे तरी नेमकं काय? अवकाश जवळजवळ केवळ शून्याइतकं थंड आहे, पण आपण आणि ते यांच्यामध्ये वातावरण आहे. १८५९ मध्ये जॉन टिंडॉलने लंडनच्या प्रयोगशाळेत एका लांब नळीत वेगवेगळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे किरण सोडले. हवेचा बहुतांश भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्यांना जवळजवळ अडवत नाहीत, पण थोडंसं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ते जोरात शोषून घेतात, असं त्याला आढळलं. वातावरणात नावापुरते असलेले हे वायू पृथ्वीची गोधडी आहेत. चंद्राला ती नाही, म्हणून तिथे दिवसा दगड शंभर अंशांच्या वर तापतात आणि रात्री उणे शंभराच्या खाली जातात.

पण या गोधडीला एक खिडकी आहे. साधारण ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण कोरड्या हवेतून फारसे न अडखळता बाहेर निघून जातात. आणि सुमारे २७ अंशांची जमीन, भिंत किंवा गाडीचा टप आपली सर्वाधिक ऊर्जा सोडतो तो नेमका १० मायक्रोमीटरच्या जवळपास. म्हणूनच कोरड्या रात्री गारवा इतका झपाट्याने उतरतो. हवा दमट झाली की ही खिडकी अर्धवट मिटते आणि ढग आले की जवळजवळ बंद होते. ढगाळ रात्र उकाड्याची का असते, याचं उत्तर इथे आहे.

ही देवाणघेवाण भारतात मोजण्याचं काम पुन्हा पुण्यातच उभं राहिलं. अण्णा मणी या १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्याही रामन यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या. परदेशातून आणावी लागणारी उपकरणं इथेच बनली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभारली. पुढे फुग्यांना बांधलेल्या उपकरणांनी वातावरणात वरवर जाताना अवरक्त किरण किती खाली येतात आणि किती वर जातात तेही मोजलं गेलं. भारतावरच्या या मोजमापांचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा प्रबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. येणाऱ्या उष्णतेइतकीच जाणारी उष्णताही नोंदवून ठेवायला हवी, हे त्यांनी जाणलं होतं.

२२ जानेवारी १९६२

आता मुंबईत येऊ. शहराच्या हवामानाच्या नोंदी दोन ठिकाणी होतात: कुलाब्याची जुनी वेधशाळा आणि सांताक्रूझ. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला. कुलाब्याला त्याच दिवशी ११.७. दोन्ही ठिकाणचे हे विक्रम. एकच शहर, एकच थंडीची लाट, आणि फरक ४ अंशांहून जास्त. कुलाबा ही समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ. तिथे पाण्याची ऊब आणि दमट हवा रात्रभर सोबत असते. सांताक्रूझला तेव्हा मोकळी जमीन आणि मोकळं आकाश भरपूर होतं.

आजही थंडीत बोरीवलीच्या पूर्वेला नॅशनल पार्कच्या कडेने चाललात, तर अंगावर शहारा येतो. त्यात झाडांचा आणि ओल्या मातीचा वाटा आहेच, पण उघड्या आकाशाचाही आहे. पार्कातल्या कान्हेरीच्या लेण्यांकडे पाहा. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास भिक्षूंनी हा डोंगर कोरायला सुरुवात केली. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून कान्हेरी. तो काळा बेसॉल्ट दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी अंगणातल्या पायऱ्यांवर बसलं की खालून शेक लागतो. पण काळ्या दगडाची ही हौस दिवसापुरती. अवरक्त किरणांच्या जगात काळा कातळ, पांढरा चुना, माती, माणसाची कुठल्याही रंगाची कातडी, सगळं जवळजवळ सारखंच 'काळं' असतं. दिवसा पांढरा रंग ऊन परतवतो. रात्री तो काळ्याइतकीच उष्णता आकाशाला देतो. चुन्याने रंगवलेल्या गच्चीला दोन्हीकडून फायदा मिळतो तो यामुळे.

स्टेशनच्या जवळ आलात की हिशोब बदलतो. भिंत जेवढे किरण फेकते, तेवढेच समोरची भिंत परत फेकते, हे आपण सुरुवातीला पाहिलं. मोकळ्या मैदानात जमिनीला सगळं आकाश दिसतं. दोन उंच इमारतींमधल्या गल्लीत जमिनीला दिसते ती आकाशाची एक पट्टी. उरलेल्या जागी दिसतात दिवसभर तापलेल्या भिंती. कॅनडाचे शहरी हवामानतज्ज्ञ टिम ओक यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की निवांत, निरभ्र रात्री शहर आसपासच्या खेड्यापेक्षा किती ऊबदार राहील याचा संबंध रस्त्यातून आकाशाचा किती भाग दिसतो याच्याशी जोडता येतो. त्यात भर घालतात काँक्रीटची साठवण, एसीच्या बाहेर फेकलेल्या झळा आणि तोडलेली झाडं. वरची गोधडीही जाड होते आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या नोंदींमध्ये दिवसांपेक्षा रात्री जास्त वेगाने तापताना दिसल्या.

उन्हाळ्याच्या रात्रींचा त्रास दिवसापेक्षा वेगळा असतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उसंत मिळाली तर ते सावरतं. ती न मिळाल्यास म्हातारी माणसं, लहान मुलं, दिवसभर उन्हात काम करणारी माणसं यांच्यावर ताण साठत जातो. पत्र्याच्या घरात हे दुपारीच सुरू होतं. ६० अंशांना तापलेला पत्रा खालच्या माणसावर दर चौरस मीटरला सहाशे-सातशे वॅट फेकतो. पंखा कितीही जोरात लावला तरी तो फक्त हवा हलवतो, किरण हलवत नाही. म्हणून पत्र्यावर झावळ्या किंवा ओली गोणपाटं टाकणारी बाई, किंवा आत पत्र्याखाली कापड ताणणारी बाई, हर्शेल आणि वेल्स न वाचताच योग्य जागी उपाय करत असते.

आपल्या आज्या-आजोबांकडे यावर आणखी एक उपाय होता. उन्हाळ्यात अंथरुणं अंगणात किंवा गच्चीवर पडायची. वारा हे एक कारण. पण चारही बाजूंनी तापलेल्या भिंती सोडून वर थंड आकाश मिळायचं, हे दुसरं. अंगाची उष्णता तिकडे निघून जायची. पहाटे चादर ओढावी लागायची, ती याच कारणाने.

त्या जुन्या कल्पनेला आता नवं रूप मिळतं आहे. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आश्वत्थ रामन, शानहुइ फान आणि सहकाऱ्यांनी असा पातळ पापुद्रा बनवला, जो ऊन जवळजवळ पूर्ण परतवतो आणि स्वतःची उष्णता फक्त त्या ८ ते १३ मायक्रोमीटरच्या खिडकीतून बाहेर टाकतो. भर दुपारी, उन्हात ठेवलेला, वीज न खाणारा हा पापुद्रा आसपासच्या हवेपेक्षा जवळजवळ ५ अंशांनी गार राहिला. तो प्रयोग कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतला. मुंबईच्या दमट मे महिन्यात एवढी अपेक्षा करता येणार नाही. पण साधा पांढरा चुना किंवा परावर्तक रंग इथेही दुपारचं ऊन परतवतोच, आणि आपल्या कोरड्या हिवाळ्यात ती खिडकी बऱ्यापैकी उघडते.

इमारत पुनर्विकासाला जाते, तेव्हा सभेत चर्चा होते ती चटईक्षेत्राची, पार्किंगची, लिफ्टची, हप्त्यांची. दोन इमारतींमधलं अंतर आर्किटेक्टच्या नकाशावर एका आकड्यात असतं, आणि तो आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पुढची पन्नास-साठ वर्षं खालच्या मजल्यांच्या रात्री किती गार होणार, याचा मोठा भाग त्या आकड्यात आहे. पुढच्या सभेत तो विचारा. आणि जमलं तर हेही विचारा, की गच्चीच्या दाराला कुलूप कशासाठी आहे आणि मे महिन्यात रात्री ते उघडं ठेवता येईल का.